काटा लवकर थांबावा म्हणून

टायर फुटला तेव्हा मी दचकलो नाही. भूमच्या बाजारात, चावडीच्या ओट्यावर, वजन-मापे तपासणीच्या वार्षिक शिबिराचा पहिला दिवस होता. रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या एस.टी.चे मागचे चाक असे काही फुटले, की ओट्याखाली बांधलेले गाढव दावे तोडून पळाले, रांगेतल्या एका बाईच्या डोक्यावरची पाटी खाली आली आणि माझ्यासमोर टांगलेल्या तराजूचा काटा डावी-उजवीकडे हेलकावू लागला. माझ्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात पाच ग्रॅमचे पितळी वजन. ते होते तिथेच राहिले. काटा थांबला, मी वजन पारड्यात ठेवले आणि नोंद केली. मान वर केली तेव्हा दिसले, की रांगेतली सगळी माणसे एस.टी.कडे पाहत आहेत आणि माझा शिपाई सिदू एकटा माझ्याकडे पाहत आहे. अकरा वर्षे तो माझ्याबरोबर तालुके हिंडत होता. कुठे फटाका वाजला, दार आपटले, कुणी मागून मोठ्याने हाक मारली, की साहेबांच्या हातातले वजन सुटते आणि ते खाली पडण्यापूर्वी आपण हात पुढे करायचा असतो, हे त्याने कुणी न सांगता शिकून घेतले होते. आत्ताही त्याचा तळहात टेबलाच्या कडेखाली पसरलेला होता.

"साहेब, ऐकू आलं न्हाय का तुमाला?"

"आले. टायर फुटला."

"व्हय. टायरच." त्याने हात मागे घेतला आणि उगाचच धोतराला पुसला.

मला बरे वाटायला हवे होते. औषध सुरू करून त्या दिवशी सतरावा दिवस होता आणि ते नेमके ज्यासाठी घेतले होते ते घडले होते. पण पुढचा तराजू टांगत असताना मला काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहिले. जिना उतरताना अंधारात एक पायरी जास्त असेल असे समजून पाऊल टाकावे आणि पाऊल सपाट जमिनीवर आपटावे, तसे. अठरा वर्षे माझ्या छातीत एक वस्तू होती. तिला मी कधी नाव दिले नव्हते. माझ्या डायरीत तिच्यापुढे फक्त वेळ आणि नाडीचे ठोके लिहिलेले असत. सकाळी नऊ, दूधवाल्याने कडी वाजवली, एकशे बारा. दुपारी तीन, कलेक्टर कचेरीचा चपराशी पाठीमागून आला, एकशे अठरा, तळहात ओले. तंत्रशिक्षण घेतलेल्या माणसाला न समजणाऱ्या गोष्टीची निदान मोजदाद तरी ठेवावीशी वाटते. डॉक्टर रेवणप्पांच्या दवाखान्यात मी ती डायरी घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी ती चष्मा कपाळावर सरकवून सगळी वाचली. धाराशिवात आमची ओळख जुनी. त्यांच्या औषध मोजण्याच्या तराजूवर दरवर्षी मीच शिक्का मारतो.

"गफारसाहेब, हृदय तुमचं उत्तम हाय. त्याला बदनाम करू नका. बिघाड वायरिंगचा हाय," ते म्हणाले आणि टेबलाच्या खणातून एक बाटली काढून त्यातली एक कॅप्सूल कागदावर ठेवली. अर्धी हिरवी, अर्धी काळी. "तुम्ही टेक्निकल कॉलेजवाले, म्हणून तुमच्या पद्धतीनं सांगतो. नाव लांबलचक आहे, क्लोरडायझेपॉक्साइड. पोटात विरघळते, तास-दोन तासांत रक्तात येते, रक्तातून मेंदूत. मेंदूचा वरचा भाग, जिथं विचार चालतो, त्याला फारसा धक्का लावत नाही. खाली खोलवर एक जुना भाग असतो. मांजराला असतो, माकडाला असतो, कलेक्टरलाही असतो. धोक्याची घंटा तिथं वाजते. ही कॅप्सूल घंटा तोडत नाही, तिच्यावर गोधडी टाकते. शिवाय स्नायूंचा ताण उतरवते, म्हणून मान मोकळी वाटेल, हात थरथरणार नाही."

"गोधडी टाकते म्हणजे नेमके काय करते?"

"ते बनवणाऱ्यांनाही अजून पुरतं ठाऊक नाही. त्यांनी आधी चावरी माकडं घेतली. त्यांना दिली. माकडं चावायची थांबली, पण झोपली नाहीत, जागीच राहिली. मग म्हणाले, माणसाला द्या."

"म्हणजे मी माकड."

"चावरं न्हाय हो. घाबरं." ते हसले, आणि मग हसणे आवरून म्हणाले, "दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ही लवकर येते पण लवकर जात नाही. यकृत तिचे तुकडे करतं, पण ते तुकडेही काही दिवस तेच काम करत राहतात. कालची पुरती बाहेर पडत नाही तोच आजची येते. तुमच्या वयाला तर आणखी सावकाश. म्हणून खरा गुण आठ-दहा दिवसांनी दिसेल. दुसरी, मनानं एकदम बंद करायची नाही. गोधडी झटकन ओढली की घंटा दुप्पट वाजते. कुणाकुणाला झटकेसुद्धा आलेत."

मी ते सगळे माझ्या रीतीने मांडून घेतले. एक हौद आहे, त्यात रोज तीन वेळा ठराविक पाणी पडते, तळाचे भोक बारीक आहे. पाण्याची पातळी चढत चढत एका खुणेशी येऊन स्थिरावते. त्या खुणेखाली जे काही आहे ते बुडालेले असते. फुटलेले नसते, वाहून गेलेले नसते, नुसते बुडालेले. आणि घंटेपेक्षा मला माझ्या धंद्यातलीच एक गोष्ट अधिक जवळची वाटली. तराजूची दांडी ज्या पोलादी धारेवर टेकते, त्या धारेच्या किती खाली दांडीचा भार आहे यावर तराजूचा सारा स्वभाव अवलंबून असतो. भार धारेच्या अगदी लगत असेल तर तराजू तीक्ष्ण असतो. केस टाकला तरी काटा हलतो, आणि मग बराच वेळ थांबत नाही. भार खाली नेला की तराजू शांत होतो. काटा चटकन मध्यावर येतो, वाऱ्याला दाद देत नाही. मात्र त्याबरोबर लहान फरकालाही दाद देत नाही. तीक्ष्णपणाही पूर्ण आणि शांतपणाही पूर्ण अशी दांडी अजून कुणी घडवलेली नाही. हैदराबादेत पहिल्या वर्षी शिकवलेली ही गोष्ट मी शेकडो व्यापाऱ्यांना समजावून सांगितली असेल. स्वतःच्या बाबतीत ती मी अकराव्या-बाराव्या दिवशी, मान खरोखर मोकळी झाल्यावर, एक गंमत म्हणून मनाशी मांडली आणि सोडून दिली.

टायर फुटल्यानंतर सातवा तराजू कल्याणप्पांचा होता. कल्याणप्पा भूमच्या पेठेतले जुने व्यापारी. करडई, जवस, तूर, मिरची घेणारे आणि विकणारे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या करंड्यातले लिंग, आणि दरवर्षी माझ्यासाठी आपल्या घरून चहा मागवण्याचा आग्रह, जो मी दरवर्षी मोडत असे. मी त्यांचा तराजू रिकामा टांगून पाहिला: काटा मध्यावर. पूर्ण भार ठेवून पाहिला: मध्यावर. पारडी आलटून-पालटून पाहिली: मध्यावर. मग पोलादी ठसा ठेवून हातोडीचा एक ठोका दिला आणि त्या वर्षाचा शिक्का उठवला. तपासणीचा चौथा भाग असतो. समान भारावर एक लहान वजन अधिक टाकायचे आणि काटा पुरेसा हलतो की नाही ते पाहायचे. तो मी केला नाही. विसरलो असेही म्हणता येणार नाही. अठरा वर्षे प्रत्येक कामाच्या शेवटी छातीतली ती वस्तू एक टोचणी देई, अजून काहीतरी राहिले आहे. आणि मी पुन्हा वाकून पाहत असे, दोनदा, तीनदा, लोक कंटाळेपर्यंत. त्या दिवशी टोचणी आली नाही. काम पुरे झाल्यासारखे वाटले आणि मी पुढच्या माणसाला बोलावले.

परतीच्या एस.टी.त मी झोपलो. हे लिहून ठेवण्याचे कारण असे, की त्या वाटेवर येडशी लागते. माझे थोरले भाऊ पाशामियाँ निजामाच्या अमदानीत येडशी स्टेशनाजवळच्या करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे जकातीच्या नाक्यावर, कारकून होते. येडशी जवळ येऊ लागली, रामलिंगाकडच्या झाडीचा काळसर पट्टा दिसू लागला, की माझ्या बरगड्यांच्या आत हालचाल सुरू होई. स्टेशनाची कौले दिसत तोवर नाडी शंभरापुढे गेलेली असे, आणि रूळ मागे पडल्यावर मी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवत असे. या मार्गावर सरकारी कामासाठी मी किती खेपा केल्या ते सांगता येणार नाही, पण एकही खेप डोळे मिटून केलेली नव्हती. त्या दिवशी सिदूने खांदा हलवला तेव्हा एस.टी. धाराशिवात शिरत होती. "लई गाढ झोपलाव साहेब," तो म्हणाला. "येडशीला मोप माणसं चढली-उतरली. मीच म्हनलं, झोपू द्या." मी बाहेर पाहिले. ऊन उतरले होते. येडशी येऊन गेली होती.

घराच्या दारावर मी कडी वाजवली. आमच्या घरी एक रीत आहे. बाहेरून येणाऱ्याने, मग तो घरचा असो की पाहुणा, कडी वाजवण्याबरोबर आपले नाव घ्यायचे. दूधवालासुद्धा शिकला आहे. मीही अठरा वर्षे माझ्याच दारात उभा राहून, कचेरीतून येवो की मशिदीतून, 'गफार' असे म्हणत आलो आहे. त्या दिवशी कडी दोनदा वाजवली आणि उभा राहिलो. आत भांड्यांचा आवाज चालू होता तो बंद पडला. पुन्हा वाजवली. आत काहीच नाही. मला राग आला नाही, काळजीही वाटली नाही, एस.टी.तली झोप अजून अंगावर होती. समोरच्या भिंतीवरचा चुना पाहत किती वेळ उभा राहिलो ते मी मोजले नाही, आणि हेही नवीनच होते. शेवटी म्हणालो, "अगं, बिस्मिल्ला, दार उघड." तेव्हा कडी निघाली. माझी बायको दाराच्या आत भिंतीला पाठ लावून उभी होती. हाताला कणीक होती आणि कणकेचा एक हात तिने स्वतःच्या तोंडावर दाबलेला होता. तो तिने खाली घेतला तेव्हा ओठांभोवती पांढरी बोटे उमटलेली राहिली.

आमच्या घरात दखनी बोलली जाते. ती म्हणाली, "नाम क्यूं नै लिये जी?"

मी म्हणालो, लक्षात राहिले नाही.

"लक्षात राहिले नाही," तिने ते शब्द परत उच्चारले, जणू एखाद्या अनोळखी माणसाचे बोलणे कुणाला सांगत आहे. मग चुलीपाशी जाऊन बसली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "त्या दिवशीही असेच झाले. दोनदा वाजले आणि नाव नाही."

अठरा वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कुणी बोललेले नव्हते. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनचे दिवस होते. सरकार बदलले होते, पण गावात अजून कुणाचेच नव्हते. दुपारी कुणीतरी कडी वाजवली आणि पाशामियाँचे नाव घेतले, आवाज ओळखीचा होता म्हणून भाऊ उठले. जेवण अर्धे झाले होते. "आलोच," म्हणाले, पायात चपला घातल्या, बाहेर गेले, आणि मी त्यांच्यामागे कडी लावली. तीच कडी. तासाभराने, कदाचित त्याहून अधिक वेळाने, मी तेव्हा घड्याळ पाहिले नाही आणि पुढच्या आयुष्यात सतत पाहत राहिलो त्याचे कारण तेच असावे, कडी पुन्हा वाजली. दोनदा, हलकी. नाव नाही. मी दाराशी गेलो. माझा हात कडीवर होता. बिस्मिल्लाने मान हलवली, नको. तिच्यावर ढकलावे म्हणून हे लिहीत नाही. तिने मान हलवली नसती तरी माझा हात कडीवरून हलला नसता. विचारता आले असते, कोण आहे. एवढेच विचारायचे होते. मी विचारले नाही. बाहेर कुणीतरी दाराला टेकल्यासारखे लाकूड एकदा करकरले, मग पावले गेली. एका माणसाची की अधिक, जड की हलकी, हे मी नंतर हजार वेळा मोजून पाहिले आहे आणि दर वेळी उत्तर वेगळे आले आहे. पाशामियाँ परत आले नाहीत. काही समजलेही नाही. नाक्याचे कागद पुढे बार्शीला गेले म्हणतात, नाका उठला, नोकरीत मला नव्या सरकारने ठेवून घेतले, शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले, आणि आमच्या घरात नाव घेण्याची रीत पडली. ती कुणी पाडली, कधी पाडली, हे आम्ही एकमेकांना विचारले नाही.

त्या संध्याकाळी भाकरी खाताना मी बिस्मिल्लाच्या तोंडाभोवतीची वाळलेली कणीक पाहत होतो. माझी समजूत अशी होती, की भीती माझी आहे आणि ती बिचारी माझ्यासाठी सोसते. औषधाने मी झोपू लागलो तेव्हा तीच शेजारणीला म्हणाली होती, आता घरात शांतता आहे. पण एका पारड्यातले वजन काढून घेतले की दुसरे पारडे तिथेच राहत नाही, खाली आदळते. आम्ही दोघे ती गोष्ट दोन टोकांनी धरून होतो, म्हणून तर दांडी अठरा वर्षे आडवी राहिली. मी माझे टोक गोधडीखाली ठेवून दिले होते. हे मला समजत होते, स्वच्छ समजत होते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वरच्या भागाला औषधाने धक्का लावला नव्हता. फक्त समजल्यावर जे व्हायला पाहिजे ते होत नव्हते. झोपण्यापूर्वी मी कॅप्सूल घेतली. बिस्मिल्लानेच पाणी आणून दिले. "घ्या," ती म्हणाली. "तुमचा हात आता थरथरत नाही, बरे दिसते."

पुढच्या बाजाराला शिबिराचा दुसरा दिवस होता. उन्हे वर यायच्या आत एक म्हातारी ओट्याखाली येऊन उभी राहिली. कडूबाई तिचे नाव, हे तिनेच सांगितले. आठवड्याला पायली-दीड पायली करडई घेऊन येते आणि कल्याणप्पांच्या दुकानी घालते. "तुमीच का वजनमापवाले?" तिने विचारले. "मग माज्यासंगं चला. तुमचा शिक्का कसा बोलतो ते बघा."

सिदू म्हणाला, "आजे, साहेबांला काम हाय. तक्रार कागदावर दे."

"कागुद तुज्या डोसक्यावर बांद. म्या दोन मुठी टाकल्या, काटा मदीच. दोन मुठी काडल्या, तरी मदीच. मग तिसरी मूठ टाकू का नको ते कुनाला इचारू? काट्याला, का सरकारला?"

ती बोलत असताना मला कळले. टोचणी नव्हती, नाडी बहात्तर होती, मी नंतर मोजली. पण चौथी तपासणी राहिली आहे हे पाटीवर लिहिल्यासारखे समोर आले. मी पेटी सिदूच्या खांद्यावर दिली आणि आम्ही कडूबाईच्या मागून निघालो. वाटेत जे विचार आले ते क्रमाने सांगतो. माझ्या निवृत्तीला सात महिने होते. सगळ्या नोकरीत माझ्या एकाही शिक्क्यावर आक्षेप आलेला नव्हता. माझ्यासारख्या, जुन्या राज्यातून नव्या राज्यात आलेल्या माणसाची एक चूक ही एक चूक राहत नाही हे मला कुणी सांगितले नव्हते, पण मला ठाऊक होते, आणि म्हणून मी तीन-तीनदा वाकून पाहत आलो होतो. लोक त्याला प्रामाणिकपणा म्हणत. मीही म्हणत असे. आज भीती बुडालेली होती, आणि हौदाच्या तळाशी दुसरे काही आहे की नाही, हे मला पहिल्यांदाच पाहायला मिळणार होते.

कल्याणप्पांनी मला पाहून गादीवरची लोकरी घडी पसरली. मी बसलो नाही. समान भार ठेवला, एका पारड्यात लहान वजन अधिक टाकले. काटा हलला नाही. दुसरे टाकले. नाही. तिसऱ्याला किंचित झुकला, तेवढाच. मी दांडी उतरवली आणि उलटी केली. मध्याच्या खाली, काळ्या रंगाने सारवून, करंगळीएवढा शिशाचा तुकडा बसवलेला होता. सोनाराने बसवावा इतका बेमालूम.

"हे काय?"

कल्याणप्पांनी लपवाछपवी केली नाही. "शिसं हाय, साहेब. येरमाळ्याच्या लोहाराकडून बसवलं, पाडव्याला." त्यांनी दुकानाच्या दाराकडे हात केला. आमच्या या डोंगराकडच्या मुलखात वारा कधी पडत नाही. दाराचे पडदे आडवे उडत होते. "तुम्हीच बघा. दिवसभर हे असं. काटा कसला थांबतोय? एक वजन करायला चिलीम संपते. गिऱ्हाईक खोळंबतं, भांडतं, एकमेकाच्या उरावर बसतं. मलाच धाप लागायची. काटा लवकर थांबावा म्हणून घातलं, दुसरं काय न्हाय. शिवाची आण."

"घेताना दोन मुठी जास्त, आन देताना दोन मुठी कमी," कडूबाई दारातून म्हणाली. "काटा दोन्ही बाऱ्या मदीच. शिवाला सांगा की ते."

"आजे, तसं मनात आणून केलं न्हाय."

"मनात कशाला आनावं लागतंय?"

मी छिन्नी आणि हातोडी घेऊन उभा होतो. त्या माणसाला मी काय सांगणार होतो? त्याला धाप लागत होती, त्याने शिसे घातले. त्याला आता बरे वाटत होते. दोन मुठींचा फरक त्याला दिसत नव्हता, आणि दिसत नव्हता हे त्याचे खोटे बोलणे नव्हते. रोज तीन वेळा मी जे पाण्याबरोबर गिळत होतो ते करंगळीहून लहान होते, एवढाच काय तो भेद.

मी ठशावर आडवा छेद मारून शिक्का रद्द केला. कल्याणप्पा खाली वाकून म्हणाले, "आठ दिसांमागं तुम्हीच पास केलाव, साहेब. आता रद्द केला तर लोक मला न्हाय, तुम्हाला इचारतील. शिसं मी आत्ता खरवडून टाकतो. कोण बघतंय? सात महिनं राहिलेत म्हणे, सुखानं घरी जावा."

त्यांचे म्हणणे खरे होते आणि त्यात माझ्याविषयी कणवही होती. मी वहीत लिहिले: तराजू संवेदनहीन आढळला, मागील तपासणीत ही चाचणी घेण्यात आली नव्हती, चूक निरीक्षकाची. खाली सही केली. माझे अक्षर स्थिर होते. शौर्य वाटले नाही, दुःख वाटले नाही. उंच जिना चढून आल्यावर वाटतो तेवढा फक्त थकवा वाटला. तळाशी दुसरे काही होते तर ते एवढेच होते, पण होते.

लोहार येऊन शिसे काढून गेला तोवर दुकानापुढे पंधरा-वीस माणसे साचली. मी दांडी पुन्हा टांगली, कडूबाईची करडई पारड्यात घातली. काटा हेलकावू लागला. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. वारा होताच. लोक कुरकुरू लागले. "थांबंल का ह्यो आज?" कुणीतरी म्हणाले. कल्याणप्पा माझ्याकडे पाहत होते, मी म्हणालो नव्हतो का, अशा नजरेने. आणि तेव्हा मला हैदराबादची प्रयोगशाळा आठवली. काचेच्या कपाटातला तराजू, आणि आमचे गुरुजी, जे उर्दूत शिकवत आणि कधी आवाज चढवत नसत. काटा थांबण्याची वाट पाहू नका, असे ते म्हणत. थांबलेल्या काट्यावर विश्वासही ठेवू नका, तो घासून अडकलेला असू शकतो. डावीकडचे टोक टिपा, उजवीकडचे टिपा, पुन्हा डावीकडचे. त्यांची सरासरी काढा. हलत्या काट्याचे वजन वाचता येते. कॉलेज सोडल्यानंतर मी ही रीत बाजारात कधी वापरली नव्हती. मी खिशातली पेन्सिल काढून काट्यामागच्या पट्टीवर खुणा केल्या, आणि तीन हेलकाव्यांत कडूबाईच्या करडईचे वजन सांगितले. मग कल्याणप्पांना शेजारी उभे करून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मालाचे करून दाखवले. तिसरे त्यांनी केले. पट्टीवरच्या खुणा त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिल्या.

"आसं रोज करायचं?" त्यांनी विचारले.

"रोज."

"लई दमायला होईल हो."

"होईल," मी म्हणालो.

परतताना मी येडशीला जागा राहिलो. छातीत काही हलले नाही. औषध इतक्यात कुठले जाते. स्टेशनाची कौले आली, तरी मी शेवटच्या कौलापर्यंत पाहत राहिलो आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. धाराशिवात उतरून आधी डॉक्टर रेवणप्पांकडे गेलो. ते म्हणाले, एकदम नाही, पण उतरवता येईल. तीनच्या दोन, महिन्याने एक, मग पाहू. "घंटा पुन्हा वाजू लागेल, बरं का," ते म्हणाले. मी म्हणालो, वाजू द्या, वाचून घेईन. त्यांना ते समजले नाही, आणि समजावून सांगण्याइतका मी ताजा नव्हतो.

दिवेलागण होत होती. घराच्या दाराशी उभा राहून मी नाडी धरली. बहात्तर. भीती नव्हती, आणि नाव घ्यायला ती लागेल असे मला वाटले होते. मी कडी वाजवली.

"गफार," मी म्हणालो.

आत भांड्यांचा आवाज थांबला. पावले आली आणि दाराच्या पलीकडे, लाकडाच्या अगदी जवळ, थांबली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. अठरा वर्षांत तिने एवढ्यावर दार उघडले होते. आज तिने विचारले, "और?"

मी मागे वळून रस्ता पाहिला. उजवीकडे मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत, डावीकडे पिंपळापर्यंत, पुन्हा उजवीकडे.

"और कोई नै," मी म्हणालो.

कडी निघाली.